एकाच फटीतली दोन विषे

मज्जातंतूचे टोक आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये सुमारे ५० नॅनोमीटरची फट असते, आणि मेंदूचा निरोप ती ॲसिटिलकोलिन या रसायनाच्या रूपाने ओलांडतो. ते स्नायूवरच्या ग्राहीवर बसले की स्नायू आकसतो. मग कोलिनएस्टरेज हे विकर क्षणार्धात त्याचे तुकडे करते. शस्त्रक्रियेत स्नायू शिथिल करणारी औषधे याच फटीत काम करतात. जळगाव-धुळ्याच्या कपाशीच्या वावरात पावसाळ्यात गाठ पडणारी दोन विषेही तिथेच घाव घालतात, पण उलट दिशांनी.

नागाच्या विषातली प्रथिने ग्राही अडवून बसतात. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाला लावत ते क्युरारे याच पद्धतीचे. आधी पापण्या गळतात, मग गिळणे आणि बोलणे अवघड होते, शेवटी श्वास थांबतो. मुख्य उपाय प्रतिसर्पविष, जोडीला निओस्टिग्मिन. ते विकराला रोखते, ॲसिटिलकोलिन साचते आणि अडवलेली जागा परत मिळवते. सोबत ॲट्रोपिन द्यावे लागते, नाहीतर नाडी मंदावते आणि लाळ सुटते. मण्यारीचे प्रकरण वेगळे आहे. तिचे विष तंतूचे टोकच निकामी करते. रसायन बाहेरच पडत नाही, तर साचणार काय? म्हणून तिथे निओस्टिग्मिनचा उपयोग बहुधा होत नाही. टोके पुन्हा सावरेपर्यंत, कधी कित्येक दिवस, कृत्रिम श्वासावरच भिस्त असते.

दुसरे विष पंपातले. २००२ मध्ये बीटी कपाशी आली तरी मावा, तुडतुडे राहिले, पुढे गुलाबी बोंडअळीही परतली; फवारणी सुटली नाही. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशके धडधाकट कातडीतूनही शरीरात शिरतात, त्यामुळे गळका पंप आणि पाठीला चिकटलेला ओला सदरा पुरेसा होतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा रुग्णाचे कपडे उतरवून अंग साबणपाण्याने धुणे हाही उपचारच.

हे विष विकरालाच बांधून ठेवते. ॲसिटिलकोलिनचा पूर येतो, स्नायू आधी फडफडतात, मग थकून लुळे पडतात. ॲट्रोपिन घाम, लाळ, छातीतले पाणी आवरते. स्नायूंवर त्याचा काही परिणाम नाही. प्रॅलिडॉक्झिम विकर सोडवू शकते, पण बंध पक्का होण्याआधी दिले तरच. तरीही त्याच्या फायद्याबद्दल चाचण्यांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. लक्षणे ओसरल्यावर, एक ते चार दिवसांत, मान उचलता येईनाशी होऊन श्वास पुन्हा बसू शकतो. १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी ही अवस्था नोंदवली.

नागदंशात तारणारे निओस्टिग्मिन इथे आगीत तेल ठरेल. कृत्रिम श्वासासाठी श्वासमार्गात नळी घालताना वापरतात ते सक्सिनिलकोलिनही जपून द्यावे लागते: रक्तातले ज्या जातीचे विकर त्याला काही मिनिटांत मोडते तेही बांधलेले असल्याने शिथिलता तासन्‌तास टिकते.

वावरात बेशुद्ध सापडलेल्या माणसाबाबत घोटाळा होऊ शकतो, कारण लाळ दोन्हीकडे गळते. नागदंशात ती गिळता येत नाही म्हणून, कीटकनाशकात ती भरमसाट तयार होते म्हणून. फवारणीच्या औषधाचा उग्र वास, चिंब घाम आणि टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या दुसऱ्याकडे बोट दाखवतात. मण्यारीच्या रुग्णाच्या बाहुल्या मात्र विस्फारून प्रकाशालाही हलेनाशा होऊ शकतात. केवळ त्यावरून मेंदू मृत ठरवता येत नाही. आतला माणूस अनेकदा जागा असतो.