शेवटचं अर्धं पान

‘काकू, मी एकसुद्धा खांब चुकवला नाही हो!’ असं म्हणून ती माझ्यासमोर रडायलाच लागली.

तिच्या हातात पिस्ता रंगाचा इवलासा स्वेटर होता. बारशासाठी दिलेला आणि बारशाच्याच दिवशी परत आलेला. बाळाच्या आजीने निरोप धाडला होता, ‘गळा डोक्यातून जात नाही. बाळ रडून रडून लाल झालं. तुमचा स्वेटर तुम्हालाच ठेवा.’

ही आमच्या बचत गटातली सगळ्यात धाकटी. पिको-फॉल करून घराला हातभार लावते. गटातल्या बायकांना मी क्रोशा शिकवते. तोरणं, रुमाल, टीव्हीवरची कव्हरं अशी आमची कामं चालायची. अंगात घालायची वस्तू मात्र तिची ही पहिलीच, आणि ऑर्डरही पहिलीच. साडेतीनशे रुपयांची लोकर तिने साठवलेल्या पैशांतून आणली होती. स्वयंपाकपाणी आवरून आठ संध्याकाळी ती विणत बसली होती.

मी स्वेटर हातात घेतला. खरंच सांगते, वीण देखणी होती. एकसारखी, मऊ. मग चुकलं कुठे? म्हणून तिच्याकडची झेरॉक्स मागितली. एका जुन्या इंग्रजी पुस्तकातून काढलेली दोन पानं होती ती. पाठ, पुढा, बाह्या यांची माहिती दीड पान, आणि शेवटी ‘फिनिशिंग’ असं लिहून अर्धं पान. पाठ आणि बाह्या मी स्वतः तिला शेजारी बसवून दाखवल्या होत्या. शेवटच्या अर्ध्या पानावर आल्यावर मात्र मी म्हटलं होतं, ‘आता काय, जोडायचं आणि काठ करायचा. पुस्तकात आहे, बघून कर.’

मैत्रिणींनो, चूक तिची नव्हती, माझी होती. तोरण विणून झालं की दोरा कापला, टोक लपवलं, संपलं. अंगावरच्या कपड्याचं तसं नसतं. तिथे विणून होतात ते नुसते तुकडे. त्यांचा कपडा होतो तो त्या अर्ध्या पानात. त्या संध्याकाळी आम्ही दोघी ते पान घेऊन बसलो आणि एकेक ओळ वाचली. तेच तुम्हालाही सांगते. तुमच्यापैकी कुणीतरी या थंडीत पहिला स्वेटर घेऊन बसलीच असेल.

‘लांब टोक ठेवून दोरा कापा’

रुमालाच्या सवयीने तिने प्रत्येक तुकड्याचा दोरा बोटभर ठेवून कापला होता. ते टोक नुसतं लपवायचं नसतं, त्यानेच पुढे शिवायचं असतं. म्हणून जिथे शिवण येणार तिथे हातभर दोरा राखायचा. बाकीची टोकं मोठ्या नेढ्याच्या बोथट सुईने विणीच्या आतून तीन-चार बोटं न्यायची आणि पुन्हा उलट फिरवून थोडी मागे आणायची. एकाच दिशेने नेलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर येतं. गाठ मारून मोकळं होऊ नका. गाठ टोचते, आणि कधी ना कधी सुटतेच.

‘मापात बसवा’

ही ओळ तिने सोडूनच दिली होती. पहिल्या खेपेला सगळ्याच सोडतात. विणलेला तुकडा थोडा आक्रसलेला, कडेने वळलेला असतो. तो तसाच शिवला तर एक बाजू लांब, एक आखूड होते. म्हणून जोडण्याआधी तुकडे गार पाण्यात भिजवायचे, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे, जाड चादरीवर पसरायचे, टेपने मोजून पानावर दिलेल्या मापाला टाचण्या लावायच्या आणि सावलीत वाळू द्यायचे. टाचण्या गंजणाऱ्या नकोत, डाग जात नाहीत.

इथे एक सावधगिरी सांगते. आपण बाजारात ज्याला ‘लोकर’ म्हणतो, ती बहुतेक वेळा मेंढीची नसतेच, अॅक्रिलिकची असते. माझ्या भाच्यासाठी केलेल्या पहिल्या स्वेटरवर मी झोकात गरम इस्त्री फिरवली होती. दोन मिनिटांत तो चपटा, लुळा आणि चकचकीत झाला. पुन्हा काही तो उभा राहिला नाही. अॅक्रिलिक हा प्लास्टिकच्याच जातीचा धागा, उष्णतेने वितळतो. त्याला इस्त्री टेकवूच नये. ओलं करून पसरलं की पुरे. लेबल हरवलं असेल तर धाग्याचा छोटासा तुकडा चिमट्यात धरून, मोरीत पाण्याजवळ पेटवून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटाने चुरते. अॅक्रिलिकचा कडक मणी होतो.

‘खांदे जोडा, बाह्या लावा, मग बाजू शिवा’

यातला क्रम महत्त्वाचा. तिने आधी बाजू शिवल्या, बाह्यांची नळी केली, आणि मग ती नळी मुंढ्यात बसवायला गेली. साध्या सरळ बाहीच्या स्वेटरला हा उगाच त्रास. आधी फक्त खांदे जोडायचे. कपडा सपाट पसरायचा. बाहीची वरची कड दुमडून मधोमध सेफ्टी पिन लावायची आणि ती पिन खांद्याच्या शिवणीवर ठेवायची. दोन्हीकडे सारखं माप येतंय ना, बघायचं आणि बाही सपाटच शिवायची. मग मनगटापासून काखेपर्यंत आणि काखेपासून खाली कमरेपर्यंत एकच सलग शिवण घालायची.

शिवताना सुलट बाजू आत, एकमेकींना लागून. दोरा ओढून घट्ट करू नका. शिवण झाली की दोन्ही हातांनी ताणून बघा. वीण ताणली जाते आणि शिवण ताणत नाही, असं झालं तर ती उसवा. घालता-काढताना तीच तुटणार.

आणखी एक. ‘डावा पुढा’ म्हणजे घालणाऱ्याचा डावा, समोरून बघणारीचा नव्हे. पुढून उघडणारा स्वेटर करताना इथे हमखास गोंधळ होतो. शंख, जाळी असं सुलट-उलट वेगळं दिसणारं नक्षीकाम असेल, तर दोन्ही पुढे एकाच बाजूचे होऊन बसतात.

‘गळ्याभोवती सारख्या अंतराने काठ करा’

आता येते खरी चूक. पानावर लिहिलं होतं, गळ्याला ‘डबल क्रोशे’च्या तीन ओळी. तिने खांबाच्या तीन ओळी घातल्या. मीही बघितलं असतं तर तेच म्हटलं असतं, कारण मोबाइलवरचे व्हिडिओ बघून मी जे शब्द शिकले ते अमेरिकन. त्यात ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला खांब. पण ते पुस्तक होतं ब्रिटिश, आणि ब्रिटिश पुस्तकात ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब! अमेरिकेत त्यालाच ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात. खांबाची उंची मुक्या खांबाच्या जवळजवळ दुप्पट. गळ्याचा काठ आतल्या बाजूला वाढतो. म्हणजे तीन उंच ओळींनी गळा चहूबाजूंनी बुजत गेला.

ओळखायची खूण सोपी आहे. कागदावर कुठेही ‘सिंगल क्रोशे’ लिहिलेलं दिसलं, तर ती पद्धत अमेरिकन. ब्रिटिश पद्धतीत तो शब्दच नसतो.

‘सारख्या अंतराने’ म्हणजे काय, हेही तिने विचारलं. गळ्याच्या गोलाचे सेफ्टी पिनांनी चार सारखे भाग पाडायचे आणि समोरासमोरच्या भागांत सारखेच टाके उचलायचे. ओळींच्या कडेने जाताना मुक्या खांबाच्या ओळीला एक टाका, खांबाच्या ओळीला दोन, हा ढोबळ हिशेब. काठाला झालर पडली तर टाके जास्त झाले, चुण्या पडून आत ओढलं तर कमी झाले. डोळ्यांना दिसतं ते. दिसलं की तिथेच उसवा.

नव्या जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 13 ते 14 इंच असतो. मान मात्र केवढीशी! म्हणून गळा मानेला नाही, डोक्याला मोजायचा. ताणल्यावर तो डोक्यापेक्षा चांगला मोठा व्हायला हवा.

आम्ही गळ्याचा काठ उसवला. मुक्या खांबाच्या दोनच ओळी घातल्या. एका खांद्याची शिवण दोन इंच उघडी ठेवून तिथे साखळीचे दोन फास आणि दोन चपटी बटणं लावली. बटण लावल्यावर जोर लावून ओढून बघितलं, कारण बाळ पहिलं काम करतं ते तोंडात घालायचं. त्याच भीतीने गळ्याला रिबीन किंवा नाडी लावली नाही. सोबतचे हातापायांचे मोजे उलटे करून बघितले. आत सुटा दोरा लोंबत राहिला तर तो बाळाच्या बोटाला गुंडाळून करकचतो, आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. दोन फास सापडले, ते आत घेतले.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः स्वेटर घेऊन त्या आजींकडे गेली. जायला तयार नव्हती, मीच धाडलं. आजींनी घालून बघितला, गेला. पण बारसं तर होऊन गेलं होतं. त्यांनी लोकरीचे पैसे दिले, मजुरीचे नाही. वाईट वाटलं, पण त्यांनाही दोष कसा द्यायचा?

त्यावरून आठवलं. आंध्र प्रदेशातल्या नरसापूर भागात हजारो बायका घरी क्रोशाची लेस विणतात. 2024 मध्ये तिथल्या लेसला भौगोलिक मानांकनही मिळालं. मारिया मीस या अभ्यासक बाईंनी त्या कामावर 1982 मध्ये पुस्तक लिहिलं. तिथे फुलं विणणं आणि ती जोडणं ही वेगवेगळी कामं मानली जातात. आपण मात्र जोडणं हे कामच धरत नाही. ‘आता काय, थोडं राहिलंय’ म्हणतो आणि ते थोडं घाईघाईने रात्री अकराला उरकतो. ना त्याला वेळ देतो, ना त्याचे पैसे लावतो.

आता आमच्या गटात नियम केलाय. पहिला टाका घालण्याआधी शेवटचं अर्धं पान मोठ्याने वाचायचं. न समजलेल्या शब्दाखाली रेघ मारायची आणि विचारायचं, मलाही न येणारं असेल तर दोघींनी शोधायचं. ऑर्डर घेताना वहीत दोन रकाने करायचे, विणकाम आणि जोडकाम. भाव दोन्हींचा मिळून सांगायचा.

परवा ती दुसरा स्वेटर घेऊन आली. वहीत तिने लिहिलं होतं, विणकाम सात संध्याकाळ, जोडकाम दोन. मी स्वेटर उलटा केला, आतून बघितला. कुठे टोक होतं ते मला सापडेना.

‘काकू, सुलट बाजू तरी बघा!’ म्हणून ती हसली.