पेणचा साचा, ओझरचं मिग

पेण तालुक्यातल्या हमरापूर, जोहे या गावांतून टेम्पो भरभरून गणपतीच्या कच्च्या मूर्ती बाहेर पडतात. कच्च्या, म्हणजे अंगावर रंग नाही, डोळ्यांची आखणी नाही, दागिने नाहीत. मुंबई-पुण्याचे आणि तळकोकणातले कारखानदार त्या नेतात, घासतात, रंगवतात, सजवतात. मूळ मूर्ती एकाच साच्यातून आलेली असली तरी दहा कारखान्यांत तिची दहा रूपं होतात.

प्लॅस्टिकच्या छोट्या मॉडेल विमानांचा छंदही असाच चालतो. कंपनी खोक्यात कच्चं विमान देते आणि पुढचं सगळं आपल्या हातावर असतं. या छंदाच्या पोतडीत रंजक गोष्टी खूप आहेत. त्यातल्या कितीतरी रायगड जिल्ह्यातल्या माणसाला पहिल्या झटक्यात कळतील.

बहात्तरचं गणित

मॉडेल विमानांचं सगळ्यात लाडकं प्रमाण एकास बहात्तर. हा विचित्र आकडा फूट-इंचांतून आला. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच, म्हणून सहा फुटी वैमानिक या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. ब्रिटनमध्ये १९३०च्या दशकात ‘स्कायबर्ड्स’ची लाकडी किटं याच मापात निघाली. १९३६ साली ‘फ्रॉग पेंग्विन’ने त्याच मापात प्लॅस्टिकची किटं आणली.

मग महायुद्ध आलं आणि खेळण्याचं शस्त्र झालं. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने देशभरातल्या शाळांकडे पाच लाख मॉडेल विमानं मागितली. मुलांनी ती लाकडात कोरायची, काळी रंगवायची आणि सैनिकांनी त्यावरून आपलं विमान कुठलं, शत्रूचं कुठलं हे ओळखायला शिकायचं. एकास बहात्तरचं मॉडेल पस्तीस फुटांवरून पाहिलं की खरं विमान अर्ध्या मैलावरून जसं दिसेल तसं दिसतं. पस्तीस गुणिले बहात्तर करून बघा, अर्ध्या मैलाला जेमतेम एकशे वीस फूट कमी भरतात.

हेच प्रमाण आपल्याकडे लावलं तर? पेण ते रोहा हा सुमारे ४० किलोमीटरचा लोहमार्ग साडेपाचशे मीटरांत मावतो. रोह्यापासून ठोकूरपर्यंतची ७३८ किलोमीटरची कोकण रेल्वे सव्वादहा किलोमीटरांत संपते. समुद्रसपाटीपासून ८२० मीटर उंच असलेला रायगड साडेअकरा मीटरांवर येतो. आणि आता विमानंही जिल्ह्यातच उतरतात, तेव्हा तोही हिशेब करायला हवा. नवी मुंबई विमानतळाची ३७०० मीटरची धावपट्टी एकास बहात्तरमध्ये जेमतेम ५१ मीटर होते. शाळेच्या मैदानात ती आरामात बसेल.

मोठ्या प्रवासी विमानांसाठी मात्र निम्मं, म्हणजे एकास एकशे चव्वेचाळीस हे प्रमाण सोयीचं. नवी मुंबईला दिसणारं एअरबस ए-३२० खऱ्या लांबीत साडेसदतीस मीटर आहे. या मापात ते २६ सेंटिमीटर होतं आणि पुस्तकांच्या फळीवर मावतं.

फणीपासून स्पिटफायर

ब्रिटनची ‘एअरफिक्स’ ही या धंद्यातली जुनी, ओळखीची नावं घेतली की हमखास येणारी कंपनी. १९३९ साली सुरू झाली तेव्हा ती हवा भरायची रबरी खेळणी करायची. युद्धानंतर प्लॅस्टिकचं मोल्डिंग यंत्र घेतलं ते केसांच्या फण्या काढायला. १९५३ साली त्याच घराण्यातून पहिलं विमान निघालं, स्पिटफायर. त्यानंतर फण्या कोणाच्या लक्षात राहिल्या नाहीत.

साज वेगळा विकत मिळतो

गणपतीच्या दिवसांत पेणच्या बाजारात फेटे, उपरणी, मुकुट, खडे, मोत्यांच्या माळा असा सगळा साज सुटा मिळतो. मूर्ती एकाची, फेटा दुसऱ्याचा, हिरेकाम तिसऱ्याच्या हातचं. मॉडेल विमानांच्या जगात याला ‘आफ्टरमार्केट’ म्हणतात. किट बनवणारी कंपनी वेगळी आणि त्या किटसाठी जास्त बारीक, जास्त नेमके सुटे भाग करणारे कारागीर वेगळे. कित्येकदा तर हा घरातल्या एका खोलीत चालणारा धंदा असतो. १९८९ साली तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात सुरू झालेली ‘एडुआर्ड’ पितळी पत्र्याच्या भागांवर नावारूपाला आली आणि पुढे स्वतःची पूर्ण किटंच काढायला लागली. तिचं एकास अठ्ठेचाळीसमधलं मिग-२१ हे लढाऊ विमान जगभरच्या छांदिष्टांचं आवडतं आहे.

मिळतं काय काय? रेझिनच्या खुर्च्या. पितळेचे पट्टे. नवी बोधचिन्हं, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची डिकल्स. काचेवर रंग लागू नये म्हणून अचूक कापलेले मास्क. आणि माझी सगळ्यात आवडती वस्तू, दबलेली चाकं! उभ्या विमानाचा भार टायरवर येतो, टायर खाली सपाट होतो आणि बाजूंनी किंचित फुगतो. साध्या किटमधलं चाक पूर्ण गोल असतं, त्यामुळे विमान जमिनीला नुसतं टेकवल्यासारखं दिसतं. दबलेली चाकं लावली की त्याच विमानाला टनावारी वजन येतं.

मिग-२१च्या नाकावर पुढे आलेली ती लांब दांडी आठवते? हवेचा दाब मोजून वेग सांगणारी पिटो नळी असते ती. प्लॅस्टिकमध्ये ती जाडी होते आणि रंगवताना हात लागला की हमखास मोडते. म्हणून लेथवर कातलेली पितळेची मिळते, सुईसारखी टोकदार आणि सरळ. एवढी एक नळी बदलली तरी विमानाचा चेहरा बदलतो. कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक पाडणारा भाग मला विचाराल तर हाच.

खुर्चीतला पट्टा

लढाऊ विमानाच्या खुर्चीचा पट्टा साधारण पाच सेंटिमीटर रुंद धरू. एकास बहात्तरमध्ये तो ०.७ मिलिमीटर होतो. त्यावर बकल, बकलाला भोक. हे कुठल्याही साच्यात नीट उतरत नाही, म्हणून पत्र्यावर कोरतात. पातळ पितळी पत्र्यावर प्रकाशाने कडक होणारा थर देतात, वर नकाशा ठेवून प्रकाश पाडतात, आणि उघडा राहिलेला भाग रसायन खाऊन टाकतं. उरतो तो पट्टा, बकल आणि भोकासकट.

तो पत्र्यातून सोडवायचा धारदार पात्याने, टणक फरशीवर ठेवून, नाहीतर वाकतो. मग मेणबत्तीच्या ज्योतीवर क्षणभर धरायचा. पितळ मऊ होतं आणि पट्टा खुर्चीच्या काठावरून खऱ्या कापडासारखा ओघळतो. चिमट्यातून एकदा निसटला की मात्र शोधत बसावं लागतं, म्हणून शहाणी माणसं मांडीवर पांढरं फडकं पसरून बसतात.

खुर्ची स्वतः रेझिनची. ती तयार होते रबरी साच्यात, पेणला जसा मूर्तीचा साचा रबराचा करतात तसाच. रबर लवचीक असल्यामुळे खोलगट, वळणदार भागही न मोडता बाहेर येतो. साचा जसजसा वापरला जातो तसतशी त्याची बारीक नक्षी फाटते, बोथट होते, आणि नवा साचा घ्यावा लागतो. रेझिन करवतीने कापताना किंवा घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना वाईट. तोंडावर मास्क लावायचा आणि पाण्यात ओलं करून घासायचं. यात हयगय नको.

लिंबाएवढा रिव्हेट

जुन्या किटांच्या पंखांवर रिव्हेटचे उंचवटे असायचे. अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटा खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटरचा होईल, म्हणजे पंखावर लिंबं चिकटवल्यासारखं! म्हणून हल्लीची किटं रेषा आणि रिव्हेट आत खोदून देतात. रंगकाम झाल्यावर त्या खाचांत पातळ गडद रंग सोडायचा आणि वरचा पुसून घ्यायचा. खाचेत रंग राहतो, पत्रे वेगळे दिसू लागतात.

रंगाचीही गंमत आहे. खऱ्या विमानाचा अगदी तोच रंग डबीतून काढून मॉडेलवर लावला तर तो जास्त गडद वाटतो. लांबच्या वस्तूचा रंग मधल्या हवेमुळे फिका दिसतो, मॉडेल मात्र आपण हातभर अंतरावरून बघतो. म्हणून जाणकार रंगात थोडा पांढरा मिसळतात.

डोळे

पेणच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी हे सगळ्यात मानाचं काम. बाकी रंग कोणीही भरेल, डोळे ठरलेल्याच हातांनी उघडायचे. आधी वरच्या पापणीची रेष, मग बुबुळ, मग प्रकाशाचा पांढरा ठिपका. त्या ठिपक्याने मूर्ती बघायला लागते.

एक इंचाच्या वैमानिकाला हे करता येत नाही. त्याचा अख्खा डोळा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान. तिथे बुबुळ काढायला गेलं की माणूस भेदरलेला दिसतो. त्यामुळे डोळा काढायचाच नाही, भुवईखाली फक्त तपकिरी सावली द्यायची. बघणाऱ्याचं मन डोळा भरून घेतं.

फेव्हिकॉल, टूथपेस्ट, व्हिनेगर

महागड्या बाटल्यांशिवाय पुष्कळ काही होतं. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडणारं सिमेंट म्हणजे डिंक नव्हेच. ते दोन्ही कडा विरघळवतं आणि सुकल्यावर त्या एकजीव होतात. धाटावच्या एमआयडीसीत रसायनांत काम करणाऱ्या रोहेकरांना सॉल्व्हंटचा हा गुण सांगायला नको. पितळ आणि रेझिन मात्र त्यात विरघळत नाहीत, तिथे फेव्हिक्विकच्या जातीचा झटपट डिंक लागतो. पण हाच डिंक काचेजवळ नेला तर त्याच्या वाफेने कॉकपिटचं पारदर्शक छत पांढुरकं होतं. म्हणून छताला आपला पांढरा फेव्हिकॉल. तो सुकल्यावर पारदर्शक होतो, आणि बारीक खिडक्या तर नुसत्या त्याच्या थेंबाने भरता येतात.

छतावर चरा पडला? टूथपेस्टने हलक्या हाताने घासा. डिकल पंखाच्या खाचेत नीट बसत नाही? ते मऊ करायच्या द्रावणांपैकी काहींना व्हिनेगरचा वास येतो, कारण त्यात खरंच ॲसेटिक ॲसिड असतं. अँटेनाची तार हवी? किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या काडीला लटकलेले असतात ती मेणबत्तीवर धरा, मऊ झाली की ज्योतीतून बाजूला घेऊन दोन्ही टोकं ओढा. केसाएवढी बारीक तार निघते. आणि नाकाखाली चाक असलेलं विमान शेपटीवर बसत असेल तर ते जोडण्याआधीच नाकात शिसं किंवा छर्रे भरायचे. हे विसरलं तर नंतर उपाय नाही.

पावसाळा

गणपती येतो भाद्रपदात, म्हणजे शेवटचा हात फिरवायचे दिवस नेमके आषाढ-श्रावणाचे. पेणच्या कारखान्यांत तेव्हा मूर्ती सुकवायला पंखे आणि दिवे लागतात. मॉडेलवाल्यांचं दुखणंही तेच. दमट हवेत लॅकर फवारला की रंगात बाष्प अडकतं आणि पृष्ठभाग दुधाळ होतो. त्यामुळे कोकणातल्या माणसाने पावसात कापावं, जोडावं, घासावं. लॅकर दिवाळीनंतर.

शिझुओका आणि पेण

जपानमध्ये शिझुओका नावाचं शहर आहे. सतराव्या शतकात तिथल्या सेंगेन देवस्थानाच्या बांधकामासाठी देशभरातले सुतार आणि कोरीव काम करणारे कारागीर आले आणि पुष्कळसे तिथेच राहिले. त्यांच्या लाकूडकामाच्या परंपरेतून लाकडी मॉडेलं आली आणि लाकडातून प्लॅस्टिक. आज तामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी या सगळ्या कंपन्या त्या शहरातल्या किंवा त्याच्या परिसरातल्या. तामियाची सुरुवात १९४६ साली लाकडाच्या धंद्यातून झाली. तिचं पहिलं प्लॅस्टिकचं किट १९६० साली आलं.

हे वाचलं तेव्हापासून माझ्या डोक्यात पेण घोळतंय. इथेही देवासाठी हात तयार झाले. देवधर घराण्यापासून सुरू झालेली मूर्तिकला आळी-आळीत पसरली, तालुक्यातल्या गावांत गेली, आणि इथल्या मूर्ती महिनोन् महिने आधी जहाजाने परदेशी जायला लागल्या. मूळ नमुना घडवणं, साचा घेणं, सांधा बुजवणं, घासणं, फवाऱ्याने छटा देणं, सगळं इथे येतं. दुसरीकडे नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने १९६४ साली कारखाना काढून मिग-२१ बांधली, मग सुखोई-३० बांधली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथून तेजस मार्क-१ए उडालं. विमान करणारे हात महाराष्ट्रात आहेत, साचा करणारे हातही आहेत. ओझरच्या मिगची रेझिनची खुर्ची, भारतीय हवाई दलाच्या चक्राची डिकल्स, इंधनाच्या टाक्या, एवढं तरी पेणच्या एखाद्या तरुण कारागिराने करायला घ्यावं. पोलादी साच्यांचा कारखाना लागत नाही, रबर, रेझिन आणि नजर पुरते. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झालं, म्हणजे आठवण म्हणून ते घरात ठेवू पाहणारे लोकही आता वाढणार.

खरं बघायचं कुठे

डिटेलिंग करायचं तर खऱ्या विमानाचे फोटो हवेत, तेही चाकांच्या खोबणीचे, सांध्यांचे, तेलाच्या ओघळांचे. गोव्यात बोगमाळोजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे. पहिल्या विक्रांत युद्धनौकेवरून उडणारी सी हॉक आणि अलिझे तिथे हातभर अंतरावरून बघता येतात. खारट हवेत रंग कसा फिकटतो हेही तिथेच कळतं. लहान प्रमाणात किती जीव ओतता येतो हे बघायचं असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय गाठा. १९९८ सालापासून तिथे सिग्नलसकट गाड्या धावतायत.

नव्याने सुरू करणाऱ्याने एकास बहात्तरमधलं एका पंख्याचं साधं विमान घ्यावं, सोबत पितळी पट्ट्यांचा एक संच आणि छताचे मास्क. इतकंच. पहिल्याच विमानाला साज जास्त झाला की किट अर्धवट खोक्यात जातं. आणि उन्हाळ्यात एखादा दिवस काढून पेणच्या कारखान्यात परवानगी घेऊन बसावं. सांधा बुजवून पॉलिश पेपर कसा फिरवतात आणि बोटाने उरलेली रेष कशी चाचपतात, ते तिथे अर्ध्या तासात शिकता येतं.