खडशीसाठी पहिला गळ: सामान कोणतं घ्याल, मासा कसा सोडाल?

चेन्नईच्या जॉर्ज टाउनपासून हाकेच्या अंतरावर सेंट जॉर्ज किल्ला आहे. त्या काळच्या मद्रास सरकारच्या नोकरीतले हेन्री सुलिव्हन थॉमस यांनी 1873 मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं. त्यातला लाडका मासा म्हणजे महाशीर. आपल्या महाराष्ट्रातल्या महाशीरला खडशी म्हणतात. 1839 मध्ये कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेत सापडलेल्या माशावरून त्याची शास्त्रीय नोंद केली. ओळखायची खूण सोपी: मोठे खवले, जाड ओठ आणि मिशांच्या दोन जोड्या.

सामान काय घ्यावं?

सुरुवातीला 9 ते 10 फुटांची मध्यम ताकदीची काठी पुरे. रीळ मात्र चांगलं घ्या. मासा ओढू लागला की दोरी सरसर सुटली पाहिजे, नाहीतर ती तुटते आणि गळ माशाच्या तोंडातच राहतो. 15 ते 20 पौंडांची दोरी, थोडं शिसं आणि एकेरी गळ घ्या. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. आमिषासाठी नाचणीच्या पिठाचा घट्ट गोळा चालतो. कावेरीवर हीच जुनी पद्धत.

गळ कुठे टाकावा?

खडशी खडकाळ तळाशी चरते. वेगाचं पाणी जिथे डोहात शिरून संथ होतं, तिथे गळ टाका. मासा लागला की हिसका देऊ नका. पहिली धाव जोरदार असते, ती त्याला घेऊ द्या. मुलं सोबत असतील तर त्यांना लाइफ जॅकेट घाला, आणि वर धरण असेल तर पाणी सोडण्याची वेळ आधी विचारा.

सोडताना

हात ओले करा, मासा पाण्यातच ठेवून गळ काढा. प्रवाहाकडे तोंड करून हलकेच धरा. तो स्वतःहून निसटेपर्यंत घाई नको.

हे आधी तपासा

मत्स्य विभागाची आणि स्थानिकांची परवानगी घ्या. अभयारण्यात गळ टाकू नका. महाडजवळच्या वाळणकोंडीत गावकरी श्रद्धेने मासे जपतात, तिथे फक्त पाहा. पावसाळा अंडी घालण्याचा काळ, तेव्हा काठी घरीच बरी.

आणखी एक गोष्ट. एका नदीतला मासा दुसऱ्या नदीत कधीही सोडू नका. लोणावळ्याच्या वळवण केंद्रात टाटा कंपनीने अनेक वर्षं खडशीची पिल्लं वाढवली. खडशीची अशी वाढवलेली पिल्लं कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महाशीर मागे पडण्यामागे हेही एक कारण असल्याचं अभ्यासक सांगतात. 2018 मध्ये तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला.

म्हणून पहिल्या सहलीला मासा नाही मिळाला तरी हरकत नाही. मिळालाच, तर तो पुन्हा त्याच डोहात जाऊ द्या.