पेनच्या स्वातंत्र्यात आम्ही कुठे?

अमेरिकन साहित्याच्या पेपरात विल्यम पेन एका ओळीत येऊन जातो : क्वेकर पंथाचा नेता, पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक. मी त्याचं मूळ लेखन वाचायला घेतलं आणि १६७० या एकाच सालावर अडकले.

त्या वर्षी लंडनमध्ये सैनिकांनी क्वेकरांच्या सभागृहाची दारं अडवली, तर पेनने रस्त्यावरच प्रवचन सुरू केलं. खटला झाला. ज्यूरीने त्याला दोषी ठरवायला नकार दिला, म्हणून कोर्टाने ज्यूरीलाच उपाशी कोंडलं, वर दंडही केला! याच धामधुमीत न्यूगेटच्या तुरुंगातून त्याने ‘द ग्रेट केस ऑफ लिबर्टी ऑफ कॉन्शन्स’ लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की मनाला पटल्याशिवाय श्रद्धा येत नाही. दंड आणि तुरुंग माणसाला फार तर ढोंगी करतील, पटवून काही देणार नाहीत. आणि विवेकावर हक्क देवाचा. तिथे हात घालणारा राजा देवाची जागा बळकावतो.

वाचून भारावले होते. मग कळलं, त्याच १६७० मध्ये त्याने ‘अ सीझनेबल कॅव्हिअट अगेन्स्ट पोपरी’ हेही लिहिलं, आम्हा कॅथलिकांच्या शिकवणीविरुद्ध. जरा लागलंच. पण त्याच काळात गोव्यात माझ्याच चर्चच्या नावाने इन्क्विझिशन चालू होतं, तेव्हा तक्रारीला मला फारशी जागा नाही.

म्हणून मी त्याचे कायदे बघितले. राजाकडून वडिलांचं येणं होतं, त्यापोटी १६८१ मध्ये पेनला वसाहतीची सनद मिळाली. १६८२ च्या राज्यघटनेच्या प्रस्तावनेत तो म्हणतो, की राज्य कोणत्याही पद्धतीचं असो, जिथे कायद्याची सत्ता चालते आणि कायदे करण्यात लोकांचा वाटा असतो, तिथे लोक स्वतंत्र असतात. त्याच सालच्या कायद्यानुसार एका सर्वशक्तिमान देवाला मानणाऱ्या कोणालाही श्रद्धेवरून त्रास द्यायचा नव्हता. अधिकारपदं मात्र ख्रिस्ती लोकांनाच. म्हणजे ज्यू माणसाने प्रार्थना खुशाल करावी, पण राज्यकारभारात येऊ नये! देव न मानणाऱ्याचा तर विचारच नाही. पेनच्या युक्तिवादात ही कुंपणं कुठेच बसत नाहीत, असं मला वाटतं.

पेन १७१८ मध्ये वारला. पुढे फिलाडेल्फियात जेझुइटांनी सेंट जोसेफ्स चॅपल बांधलं. इंग्लंडात तेव्हा मिस्सा बेकायदा होती, म्हणून १७३४ मध्ये गव्हर्नरने प्रांताच्या कौन्सिलपुढे प्रश्न काढला. कॅथलिकांनी पेनच्याच १७०१ च्या सनदेवर हक्क सांगितला. चॅपल बंद झालं नाही.