स्वमग्नता : समजुती आणि वस्तुस्थिती

महाड-पोलादपूरच्या खोऱ्यात, जेथे कर्ता पुरुष पुष्कळदा मुंबईस नोकरीला असतो आणि मूल आई व आजी यांच्या देखरेखीखाली वाढते, तेथे दोन-तीन वर्षांच्या मुलास स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असल्याचे निदान झाले, की त्या अवस्थेची माहिती घेण्यापूर्वीच आरोपीचा शोध सुरू होतो. आणि आरोपी बहुधा आईच ठरते. तिने ग्रहण पाळले नाही, मुलाच्या हाती मोबाइल दिला, त्याच्याशी पुरेसे बोलली नाही, अशी ही फिर्याद असते.

या फिर्यादीस एके काळी शास्त्राचीही साक्ष होती, हे लपविण्यात अर्थ नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांची लक्षणे सविस्तर नोंदविली, तेव्हा ही अवस्था जन्मजात असल्याचेच त्यांनी सुचविले होते. परंतु पुढे आईबापांच्या भावशून्य वागणुकीवर ठपका ठेवण्याची जी रीत पडली, तिला त्यांच्याच लेखनाने आधार मिळाला आणि ब्रूनो बेटेलहाइम यांनी 1967 साली तिला ग्रंथरूप दिले. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा एका मुलाचा पिता होता, 1964 सालीच तिचे खंडन केले होते. आणि 1969 साली खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केले. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून स्वमग्नतेत अनुवंशाचा वाटा फार मोठा असल्याचे दिसून आले आहे, आणि अनुवंश दोन्ही घराण्यांकडून येतो. मोबाइलपायी मुलाचे बोलणे-खेळणे घटते, सबब तो दूर ठेवावा हे योग्यच. मात्र त्यामुळे स्वमग्नता उद्भवते असे सिद्ध झालेले नाही.

लस टोचल्याने स्वमग्नता होते, हा आरोप तर अधिकच पोकळ. त्याचे मूळ असलेला, बारा मुलांवर आधारलेला 1998 सालचा वेकफील्ड या डॉक्टरांचा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 साली मागे घेतला, आणि डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासूनही गोवराच्या संयुक्त लसीचा स्वमग्नतेशी संबंध आढळला नाही.

‘अगं, त्याचा बाप तरी कुठे चार वर्षांपर्यंत बोलला होता!’ हा आजीचा दिलासा मायेपोटी आलेला असला, तरी माझ्या मते सर्व गैरसमजांत हाच महाग पडतो. वर्ष उलटूनही मूल नावाला ओ देत नसेल, बोटाने काही दाखवीत नसेल, दुसरे वर्ष सरले तरी दोन शब्द जोडीत नसेल, किंवा आलेले शब्द गमावीत असेल, तर प्रथम कान तपासून घ्यावेत आणि बालविकासाच्या जाणकारास दाखवावे. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, त्याच्यापुढे ही शंका निःसंकोच मांडावी. नवस करावयाचा तर खुशाल करावा. त्यापायी तपासणी लांबवू नये.

उपचार म्हणजे मुंबईची वारी, ही समजूत घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आईस विनाकारण हतबल करते. गोवा आणि रावळपिंडी येथे झालेल्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेवकांनी पालकांना मार्गदर्शन केले, तेव्हा पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाशी अधिक जुळू लागला आणि मूलही आपणहून अधिक वेळा संवादास प्रवृत्त झाले. त्यामागील रीत अशी : मूल डब्याचे झाकण फिरवीत बसले असेल तर ते हिसकावून न घेता समोर बसावे, ‘फिरलं, थांबलं’ एवढेच म्हणावे, आणि त्याने पाहण्याची वाट पाहावी. हे घरच्या बोलीतच करावे. त्यासाठी इंग्रजीची कास धरण्याची गरज नाही.

समूळ बरे करण्याची हमी देऊन मूलपेशींचे इंजेक्शन विकणाऱ्यांपासून मात्र सावध राहावे. असा उपचार शिफारसयोग्य नसल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने 2022 साली नमूद केले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरील प्राझोसिन या औषधाची उपयुक्तता रुग्णांच्या बारकाईने ठेवलेल्या नोंदींतून जगापुढे मांडली, ती याच खोऱ्यात. तशा नोंदी या विक्रेत्यांच्या दफ्तरी मागून पाहाव्यात.

राहता राहिला अपंगत्वाचा दाखला, जो घेतल्यास मुलावर कायमचा शिक्का बसतो असे अनेकांस वाटते. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2016 च्या कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व प्रमाणित झाल्यास सहा ते अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क मिळतो, आणि ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमाही काढता येतो. शिवाय मूल अठरा वर्षांचे झाले, की आईबापांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते, आणि गरज असल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. त्या अर्जास हाच दाखला जोडावा लागतो.