हवेवर तोललेली मोटार : आलिशान सेडानला बाहेरील एअर सस्पेन्शन बसविण्यामागील विज्ञान व व्यवहार

बीजसंज्ञा : एअर सस्पेन्शन, वायूंचे नियम, स्प्रिंगची ताठरता, मोटार वाहन कायदा

प्रस्तावना :

पदवीच्या पहिल्या वर्षाला वायूंचे नियम शिकविताना सायकलच्या पंपाचे उदाहरण देण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. प्रस्तुत लेखकही गेली काही वर्षे तेच उदाहरण देत आला आहे. गतवर्षी एका माजी विद्यार्थ्याने त्याहून चांगले उदाहरण पुरविले. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन हा विद्यार्थी मोटारदुरुस्तीच्या व्यवसायात शिरला आणि सध्या आखाती देशातील एका कार्यशाळेत काम करतो. त्याचा प्रश्न असा होता : "सर, एका लेक्सस एलएस ४०० ला बाहेरचे एअर सस्पेन्शन बसवले आहे. गाडी खाली घेतली की आतली हवा कमी होते, म्हणजे गाडी मऊ व्हायला हवी ना? पण ती उलट आदळते. मालक रोज येऊन बसतो. असे का होते?"

या प्रश्नाचे उत्तर लिहावयास बसल्यावर ध्यानात आले की, बॉइलचा नियम, स्थितिकी, हवेतील आर्द्रता आणि कायदा या सर्वांचा संबंध या एका जोडणीशी येतो. म्हणून हा विषय येथे मांडण्याचे धाडस केले आहे.

शब्दाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. 'सस्पेन्शन' या संज्ञेस मराठी परिभाषेत 'निलंबन' हा शब्द उपलब्ध आहे. तथापि महाविद्यालयीन प्राध्यापकवर्गास तो शब्द अन्य संदर्भात पुरेसा परिचित असल्याने, व त्या संदर्भाची आठवण सुखद नसल्याने, येथे 'सस्पेन्शन' हाच रूढ शब्द योजला आहे.

पार्श्वभूमी :

मोटारीचे वजन पोलादी स्प्रिंगऐवजी रबरी पिशवीत कोंडलेल्या हवेवर तोलण्याची कल्पना नवीन नाही. कॅडिलॅकने १९५७ साली 'एल्डोराडो ब्रोहॅम' या मोटारीस चारही चाकांवर एअर सस्पेन्शन दिले. मात्र हवा गळण्याच्या तक्रारी इतक्या आल्या की, अनेक मालकांनी ते काढून साध्या स्प्रिंग बसवून घेतल्या. मर्सिडीझने १९६१ च्या '३०० एसई' मध्ये ही योजना आणली. पुढे १९८४ सालच्या लिंकन 'मार्क सेव्हन' पासून तिला इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची जोड मिळाली. आपल्याकडे सर्वसामान्य प्रवाशाला या सुखाचा परिचय झाला तो मुंबई-पुणे मार्गावरील एस.टी.च्या शिवनेरी बसमुळे. तिच्या मऊ चालीचे श्रेय बऱ्याच अंशी तिच्याखालील हवेच्या पिशव्यांकडे जाते.

लेक्सस एलएस ४०० ही मोटार १९८९ साली बाजारात आली. जपानमध्ये ती 'टोयोटा सेल्सिअर' या नावाने विकली जाई. काही गाड्यांस कारखान्यातूनच एअर सस्पेन्शन मिळे, तर उरलेल्यांस साधी पोलादी स्प्रिंग. या मोटारीच्या बाबतीत एक गंमत आढळते. ज्यांच्याकडे कारखान्याचे एअर सस्पेन्शन आहे ते जुन्या पिशव्यांच्या गळतीला व सुट्या भागांच्या किमतीला कंटाळून पोलादी स्प्रिंग बसवितात, आणि ज्यांच्याकडे पोलादी स्प्रिंग आहे ते हौसेने हवेच्या पिशव्या बसवितात. दुसऱ्या गटाचा हेतू आराम हा क्वचितच असतो. उभी असताना गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसावी आणि चालविताना बटण दाबून वर यावी, ही ती हौस होय. जपानमध्ये अशा बैठ्या सेडान गाड्यांचा एक स्वतंत्र संप्रदायच आहे.

हवेच्या स्प्रिंगचे गणित :

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर या भागात आहे. समजा, एका स्प्रिंगवर ४,००० न्यूटन भार आहे (चाक व स्प्रिंग यांमधील तरफेचा परिणाम सोयीसाठी वगळला आहे). पिशवीचा परिणामी व्यास १२.५ सेंटीमीटर धरल्यास क्षेत्रफळ सुमारे १२३ चौरस सेंटीमीटर येते. भार भागिले क्षेत्रफळ, म्हणजे वातावरणाच्या दाबाहून सुमारे ३.३ बार अधिक दाब पिशवीत असला की भार तोलला जातो.

आता मालकाने बटण दाबून गाडी ५ सेंटीमीटर खाली घेतली. पिशवीतील दाब किती उरेल? बहुतेक विद्यार्थी 'कमी होईल' असे उत्तर देतात. परंतु गाडीचे वजन बदललेले नाही आणि क्षेत्रफळही ढोबळमानाने तेच आहे. म्हणून दाबही तोच राहतो. कमी झाले ते हवेचे प्रमाण आणि तिने व्यापलेले आकारमान. (प्रत्यक्षात दबलेल्या पिशवीचे परिणामी क्षेत्रफळ थोडे बदलते व त्यानुसार दाबही थोडा बदलतो, पण मूळ मुद्द्यास त्याने बाध येत नाही.)

स्प्रिंगची ताठरता मात्र आकारमानावर अवलंबून असते. खड्ड्यात चाक वर उचलले जाते तेव्हा पिशवी एक सेंटीमीटर दबली असे समजू. आत दोन लिटर हवा असेल तर हा एक सेंटीमीटर तिच्या दृष्टीने लहान असतो, आणि १.४ लिटरच असेल तर तोच एक सेंटीमीटर मोठा ठरतो. दाब त्या प्रमाणात अधिक वाढतो. हा धक्का इतका जलद असतो की उष्णता बाहेर पडण्यास वेळ मिळत नाही. म्हणून येथे बॉइलचा समतापी नियम न लावता समोष्ण बदलाचा १.४ हा घातांक घ्यावा लागतो. वरील आकडे घालून पाहिल्यास दोन लिटरला ताठरता दर मीटरला सुमारे ४५,००० न्यूटन येते, तर पाच सेंटीमीटर खाली घेतल्यावर ती सुमारे ६५,००० होते. गाडीच्या उसळण्याची वारंवारता सेकंदाला सुमारे १.७ वरून २ वर जाते. आरामदायी मोटारीत ही वारंवारता साधारणपणे १ ते १.५ च्या दरम्यान ठेवली जाते. गाडी आदळते ती यामुळे. त्यातच खाली घेतलेल्या गाडीचे चाक वर जाण्यास जागा थोडी उरते आणि ते रबरी ठोकळ्यावर जाऊन बसते.

यावरून हवेची स्प्रिंग वाईट असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. तिचा खरा गुण भार वाढला की दिसतो. पोलादी स्प्रिंगवरील भार २० टक्के वाढला तर गाडी बसते आणि वारंवारता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. हवेच्या पिशवीत तेवढीच हवा भरून उंची पूर्ववत केली तर दाबाबरोबर ताठरताही वाढते आणि वारंवारतेत फरक पडतो तो अवघा २ टक्क्यांचा. बस रिकामी असो वा भरलेली, चाल तीच राहते ती याच कारणाने. बाहेरून एअर सस्पेन्शन बसविणारा हौशी मालक नेमका हाच गुण दुर्लक्षितो, ही खेदाची बाब आहे.

तापमानाचाही परिणाम होतो. पुणे-नाशिककडील हिवाळ्यात दुपारी ३० अंश असताना उभी केलेली गाडी पहाटे १० अंशांवर पाहिली तर, काहीही गळती नसताना, सुमारे एक सेंटीमीटर बसलेली आढळेल. दाब स्थिर असताना आकारमान निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात घटते, हा चार्ल्सचा नियम फूटपट्टीने मोजता येतो.

जोडणी :

पोलादी स्प्रिंग व शॉक अब्जॉर्बर यांचा संच काढून त्या जागी पिशवी वेढलेला शॉक अब्जॉर्बर बसविणे हे त्या मानाने सोपे काम आहे. कसोटी पुढे लागते. स्टीअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन पूर्ण वर-खाली करून पिशवी कशालाही घासत नाही हे पाहावे लागते. दाब असलेल्या रबरास पत्र्याची कड लागली की ती पिशवी फार काळ टिकत नाही. ब्रेकचे होज व चाकांकडे जाणाऱ्या तारा ताणल्या जाणार नाहीत एवढी सैल ठेवावी लागतात. डिकीत कॉम्प्रेसर व टाकी बसते. कॉम्प्रेसर २० अँपिअरच्या आसपास वीज खेचतो. म्हणून त्यास स्वतंत्र जाड तार, रिले आणि बॅटरीलगत फ्यूज हवा. डिकीतील दिव्याच्या तारेवरून ही वीज घेणाऱ्या मिस्त्रीपासून मालकाने दूर राहावे.

टाकीचे गणित वर्गात देण्याजोगे आहे. १९ लिटरच्या टाकीत १० बार दाब असेल तर तीत बाहेरच्या मापाने सुमारे २०९ लिटर हवा मावते. चारही पिशव्या भरून गाडी उचलण्यास ढोबळमानाने ३४ लिटर लागतात. भागाकार केला तर गाडी सहा वेळा उचलता येईल असे वाटते. परंतु टाकीचा दाब पिशवीच्या दाबाइतका खाली आला की प्रवाह थांबतो. म्हणून कॉम्प्रेसर न चालविता गाडी तीनदाच उचलली जाते.

पाण्याचा प्रश्न मात्र उपेक्षित राहतो. कोकणातील जुलै महिन्याची, ३० अंशांची आणि ८० टक्के आर्द्रतेची हवा घेतली तर वरील २०९ लिटरमध्ये सुमारे ५ ग्रॅम बाष्प असते. टाकीच्या १९ लिटर जागेत मात्र त्यातील अर्ध्या ग्रॅमहून थोडेच अधिक बाष्परूपात राहू शकते. उरलेले पाणी, प्रत्येक भरणीला जवळजवळ एक चमचा, तळाशी साचते, पोलादी टाकी गंजविते आणि व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते. पाणी वेगळे करणारी गाळणी व टाकीच्या बुडाशी निचऱ्याची तोटी हे खर्च वाचविण्याचे भाग नव्हेत.

चौरंगाचा प्रश्न :

फरशी सपाट नसली की चार पायांचा चौरंग डुगडुगतो, तिवई डुगडुगत नाही. तीन बिंदूंनी प्रतल निश्चित होते, चौथा अतिरिक्त असतो. चार पिशव्यांच्या मोटारीत हाच प्रश्न अदृश्य रूपाने उभा राहतो. चारही कोपऱ्यांची उंची फूटपट्टीने बरोबर असली तरी एका कर्णावरील दोन पिशव्यांत दाब जास्त व दुसऱ्या कर्णावरील पिशव्यांत कमी असू शकतो. गाडी समतल दिसते, परंतु ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की तिचा वागण्यातील दोष प्रकट होतो. केवळ उंची पाहणारी यंत्रणा या दोषास आंधळी असते, आणि केवळ दाब पाहणारी यंत्रणा एका बाजूला चार माणसे बसली तर गाडी कलली हे ओळखू शकत नाही. म्हणून उंची व दाब दोन्ही मोजणारी यंत्रणा घेणे इष्ट. बसगाड्यांत उंची राखणारे व्हॉल्व्ह सामान्यतः तीनच असतात, चार नव्हे. त्यामागे ही तिवईचीच युक्ती आहे.

पैसे वाचविण्यासाठी पुढच्या दोन्ही पिशव्या एकाच नळीला जोडण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. वळणावर बाहेरच्या पिशवीवर भार आला की तिच्यातील हवा आतल्या पिशवीत जाते व गाडी अधिकच कलते. ही जोडणी कोणत्याही परिस्थितीत करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

हवेवर विसंबणे :

याच विद्यार्थ्याच्या कार्यशाळेत घडलेला प्रसंग येथे नमूद करणे आवश्यक वाटते. गाडी हवेने पूर्ण वर उचललेली होती आणि त्याचा एक सहकारी चाकाच्या वरच्या पोकळीत हात घालून नळीचा जोड तपासत होता. जोड नीट बसलेला नव्हता. तो निसटला आणि गाडी खाली आली. हात टायर व मडगार्ड यांच्यामध्ये सापडला. हाड मोडले, बोटे वाचली. विद्यार्थी म्हणाला, "सर, आवाज ऐकू आला तेव्हा गाडी खाली आलेलीच होती."

यात आश्चर्य नाही. पोलादी स्प्रिंग तुटण्यापूर्वी बहुधा वर्षानुवर्षे गंजते. हवेचा जोड मात्र क्षणात सुटतो आणि पिशवीतील सर्व हवा त्याच वाटेने निघून जाते. हवेने उचललेली गाडी ही उचललेली गाडी नव्हेच. जॅक लावून, लोखंडी घोड्यांवर चेसिस टेकवून, पिशव्यांतील हवा सोडून दिल्यावरच खाली हात घालावा. जोडांची गळती साबणाच्या पाण्याने तपासावी, आणि तीही गाडी घोड्यांवर असतानाच.

कायद्याची चौकट :

जपानमध्ये 'शाकेन' या नियतकालिक तपासणीत जमिनीपासून किमान ९ सेंटीमीटर अंतर अपेक्षित असते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. कारखान्यातून एअर सस्पेन्शनसह आलेल्या गाडीस त्याच जातीची नवी पिशवी बसविणे हा दुरुस्तीचा भाग होय. पोलादी स्प्रिंगच्या गाडीस ते नव्याने बसविणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनी हा फरक विसरत नाही.

विद्यार्थ्यास लिहिलेल्या उत्तरात एवढेच सुचविले की, चालविण्याची उंची पाच सेंटीमीटरने वाढवावी आणि चाकांची अलाइनमेंट त्याच उंचीवर करून घ्यावी; खाली बसलेल्या गाडीवर केलेली अलाइनमेंट निरुपयोगी असते, कारण उंची बदलली की चाकांचा कल बदलतो. महिन्याभराने त्याचा निरोप आला. गाडी आदळण्याचे थांबले आहे. टायर मात्र आतल्या कडेने तारेपर्यंत झिजलेले निघाले, आणि ते बदलण्याचा खर्च कोणी द्यायचा यावर मालकाशी बोलणे चालू आहे.