व्यवसाय कराचा पैसा आणि गावचे काम

विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन आटोपले की लोकप्रतिनिधी आपापल्या मतदारसंघांत परततात आणि सभांतून राज्याच्या जमाखर्चाची हकीकत लोकांपुढे मांडतात. कोणता कर वाढला, कोणता कमी झाला, तालुक्यातील कोणत्या रस्त्यास वा बंधाऱ्यास मंजुरी मिळाली, याची माहिती शेतकरी उत्सुकतेने ऐकतो. परंतु करांची यादी आणि कामांची यादी या दोहोंमध्ये संबंध काय, हे क्वचितच सांगितले जाते. राज्याच्या बहुतेक करांच्या बाबतीत असा संबंध दाखविता येत नाही, हेही खरे; सारी रक्कम एकत्रित निधीत जमा होते आणि तेथून विनियोजन विधेयकाच्या अधिकाराने खर्ची पडते. एक कर मात्र असा आहे की, तो बसविताना विधिमंडळाने त्याचे प्रयोजनही ठरवून दिले. तो म्हणजे व्यवसाय कर.

व्यवसाय कर १९७५ च्या राज्य अधिनियमान्वये बसविण्यात आला. शाळेतील शिक्षक, बँकेतील कारकून, कारखान्यातील कामगार यांच्या मासिक वेतनातून तो कापून घेतला जातो. वकील, डॉक्टर, व्यापारी यांनी तो स्वतः भरावयाचा असतो. संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदाने त्यावर मर्यादा घातली आहे. ती पूर्वी वर्षास २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली. महाराष्ट्रात मासिक १०,००० रुपयांहून अधिक वेतन असणाऱ्यास महिना २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कर द्यावा लागतो. महिलांना २०२३ पासून मासिक २५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर सूट मिळालेली आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा विक्रीकरासारखे कर त्यात विलीन झाले. परंतु व्यवसाय कर राज्यसूचीतील स्वतंत्र विषय असल्यामुळे राज्याच्या हाती राहिला. जमीन कसणाऱ्याच्या खिशातून तो सहसा जात नाही. म्हणूनच असेल, गावच्या सभेत त्याविषयी प्रश्न विचारण्याचे कोणास सुचत नाही. वस्तुतः तो प्रश्न विचारण्याचा अधिकार गावाइतका दुसऱ्या कोणासही नाही.

यासाठी थोडे मागे जावे लागेल. सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात विसापूर हे गाव आहे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ च्या सुमारास या परिसरात एक प्रयोग सुरू झाला. जो अंगमेहनतीचे काम मागेल त्यास ते दिले जावे आणि ते काम जमिनीच्या व पाण्याच्या उपयोगाचे असावे, ही त्यामागील कल्पना होती. सरकारी दुष्काळी कामांची प्रथा जुनीच; तथापि ती कामे दुष्काळ जाहीर झाल्यावर निघत आणि पाऊस पडताच बंद होत. पागे यांच्या योजनेत दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहावयाची नव्हती. मजुराने केलेली मागणी हाच काम काढण्याचा आधार होता. धनविधेयक विधान सभेतच मांडता येते, विधान परिषदेत नाही. आणि पैशाच्या बाबतीत ज्या सभागृहाचे अधिकार तोकडे, त्याच्याच सभापतींनी राज्याच्या तिजोरीवर एवढी मोठी जबाबदारी टाकणारी कल्पना मांडावी, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे.

पुढे १९७२ चा भीषण दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर राबत होते. त्या उन्हाळ्यात मोठ्या प्रमाणावर अन्न विकत घेण्याची शक्ती लोकांत टिकली, याचे बरेचसे श्रेय या कामांच्या मजुरीस दिले जाते. या अनुभवानंतर योजना कायम स्वरूपात चालवावयाची तर तिला कायम उत्पन्न हवे, हे उघड झाले. म्हणून १९७५ साली व्यवसाय कर आला. रोजगार हमी निधी निर्माण करण्यात आला आणि करातून जेवढी निव्वळ रक्कम जमा होईल तेवढीच भर राज्य शासनाने आपल्या बाजूने घालावी, असे ठरले. बागायत जमिनीवरील उपकराचाही या निधीस आधार देण्यात आला. म्हणजे पाटाच्या पाण्यावर ऊस घेणाऱ्या शेतकऱ्यानेही कोरडवाहू भागातील मजुरीला हातभार लावला. १९७७ साली महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. शहरातील नोकरदाराने कर द्यावा आणि त्यातून खेड्यातील मजुराच्या कामाची हमी भागावी, असा हा करार विधिमंडळाच्या साक्षीने झालेला आहे.

या पैशातून काय उभे राहिले, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. पाझर तलाव, नाला बांध, समतल बांधबंदिस्ती आणि शिवाररस्ते ही कामे अवर्षणप्रवण तालुक्यांत जागोजागी दिसतात. पाझर तलावाचे पाणी पाटाने शेतात जात नाही. ते जमिनीत मुरते आणि तलावाखालच्या बाजूच्या विहिरींना मिळते. त्यामुळे ज्याच्या शेतात विहीर आहे त्यास लाभ अधिक, आणि ज्याने माती वाहिली त्या भूमिहीनास केवळ मजुरी, अशी टीका या कामांवर झाली. ती टीका निराधार नव्हती. १९९० नंतर योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घातली गेली, तेव्हा लहान शेतकऱ्याच्या स्वतःच्या हलक्या, मुरमाड जमिनीवर खड्डे खोदणे, कलमे लावणे आणि ती जगविणे यासाठी मजुरी मिळू लागली. आज राज्यात डाळिंब, सीताफळ, बोर, आंबा आणि काजू यांच्या ज्या बागा उभ्या आहेत, त्यांतील कित्येकांचा पहिला खड्डा या पैशाने खणला गेला आहे.

तथापि जमा झालेला पैसा वेळेवर आणि पूर्णपणे कामावर लागला काय, हा प्रश्न विधिमंडळात वारंवार उपस्थित झालेला आहे. निधीच्या नावावर मोठी शिल्लक दिसावी आणि त्याच वेळी मागणी करणाऱ्यास काम मिळू नये, हा विरोधाभास लोकप्रतिनिधींनीच दाखवून दिला. विधिमंडळाची रोजगार हमी योजना समिती जिल्ह्यांत दौरे काढते, हजेरीपट व मोजमाप-पुस्तके तपासते आणि अहवाल सादर करते. आपल्या जिल्ह्यात ही समिती येऊन गेली असल्यास तिने काय आक्षेप घेतले, हे आमदारांच्या भाषणात यावयास हवे.

हा विषय आज पुन्हा महत्त्वाचा झाला आहे. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याखाली अकुशल कामाच्या पहिल्या १०० दिवसांची मजुरी केंद्राने दिली. त्यापुढील दिवसांचा भार महाराष्ट्राने आपल्या निधीतून उचलला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याऐवजी नवा कायदा संमत केला. त्यात कामाचे दिवस १२५ करण्यात आले असून बहुतेक राज्यांसाठी खर्चाची विभागणी केंद्र ६० टक्के व राज्य ४० टक्के अशी ठेवली आहे. पेरणी व काढणीच्या हंगामात कामे थांबविण्याचीही तरतूद आहे. हंगामात मजूर मिळत नाही, अशी ज्या शेतकऱ्यांची तक्रार असे त्यांना ती रुचेल. ज्याचे पोट त्याच दिवसांत सरकारी मजुरीवर चालते, त्याला ती कितपत मानवेल हे पाहावे लागेल. काहीही असले तरी मजुरीतील राज्याचा वाटा वाढला, म्हणजे राज्याने त्याच कामासाठी गोळा केलेल्या कराचा हिशेब अधिक काटेकोरपणे मागणे ओघानेच आले.

तेव्हा आमदार गावी आले असता, गेल्या आर्थिक वर्षी व्यवसाय कराचे उत्पन्न किती झाले, त्यातून रोजगार हमीसाठी प्रत्यक्ष किती रक्कम दिली गेली आणि आपल्या तालुक्यात त्यांपैकी किती खर्ची पडली, असे सरळ प्रश्न शेतकऱ्यांनी विचारावेत. उत्तरे अर्थसंकल्पाच्या छापील पुस्तकांत असतात. नसतील तर विधान सभेत प्रश्न विचारून ती मिळविणे आमदारांच्या हाती आहे. गावाच्या बाजूनेही तयारी असावी. कामाची मागणी तोंडी न करता लेखी व तारखेसह द्यावी आणि तिची पोच घ्यावी, कारण मागणीची तारीख कागदावर नसेल तर काम वेळेत मिळाले नाही हे सिद्ध करता येत नाही. मजुरी मोजमापावर ठरत असल्यामुळे मोजमाप घेताना मजुरांपैकी एकाने तरी तेथे हजर राहावे. शिवारातील कोणता नाला आधी बांधावयाचा आणि कोणाच्या जमिनीवर फळझाडे लावावयाची, याची यादी ग्रामसभेत १५ ऑगस्ट अथवा २ ऑक्टोबर रोजी मंजूर करून ठेवल्यास पुढील वर्षाच्या आराखड्यात तिचा समावेश होण्यास अवधी मिळतो. मार्चमध्ये अधिवेशन भरते तेव्हा ती यादी आमदारांच्या हाती असावी.